करवत चालवण्याआधीचे सात आठवडे

१८ मिमी जाडीच्या प्लायवुडची एक पूर्ण शीट, २४४० बाय १२२० मिमी मापाची, कापून तिच्या आठ फळ्या करायच्या आणि त्यांची पुस्तकांची मांडणी उभी करायची, एवढेच माझे काम होते. ते मी वर्षभर टाळले. साध्या हातकरवतीने सव्वा मीटर सरळ कापणे मला कधीच जमलेले नव्हते, आणि हातात धरून चालवायच्या विजेच्या सर्क्युलर सॉचा नुसता आवाज ऐकला तरी माझे खांदे आखडत. शेवटी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र घेतले आणि मार्चच्या पहिल्या रविवारी शीट कापून झाली. या सात आठवड्यांत करवत प्रत्यक्ष फिरत होती तो वेळ सगळा मिळून तासभरही भरणार नाही. उरलेला वेळ कशात गेला, हे लिहून ठेवावेसे वाटले, कारण सुरुवातीला मला नेमके तेच कोणी सांगितले नव्हते. मी सुतार नाही, त्यामुळे हे एका नवशिक्या बाईने दुसऱ्या नवशिक्यांसाठी लिहिलेले टिपण आहे, असेच समजावे.

मी घेतलेल्या यंत्राला १८५ मिमी व्यासाचे पाते बसते आणि त्याच्या पाटीवर मिनिटाला ५,००० फेरे असा वेग लिहिलेला आहे. एका संध्याकाळी मी कागदावर गणित मांडले, तर पात्याच्या कडेवरचा प्रत्येक दाता सेकंदाला सुमारे ४८ मीटर, म्हणजे ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, धावत असतो असे उत्तर आले. या आकड्याने भीती कमी झाली नाही, पण ती कशाची आहे हे समजले. यंत्रासोबत २४ दात्यांचे पाते आले होते. ते जाड लाकूड झपाट्याने कापण्यासाठी ठीक असते, परंतु प्लायवुडची कड स्वच्छ यावी म्हणून मी ४० दात्यांचे आणखी एक घेतले. त्याशिवाय चार क्लॅम्प, डोळ्यांसाठी बंद चष्मा, कानांवरचे मफ, धुळीचा मास्क आणि एक चांगला धातूचा गुण्या घ्यावा लागला. या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा झाला, आणि तो मी आधी धरलेलाच नव्हता. मास्कबाबत मी टंगळमंगळ करत होते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे, हे वाचल्यावर ती थांबली.

खोके उघडल्यावर पहिल्याच दिवशी अडथळा आला. या यंत्रात पात्याचा वरचा अर्धा भाग पक्क्या आवरणाखाली असतो. खालचा अर्धा भाग स्प्रिंगवर फिरणाऱ्या गार्डने झाकलेला असतो, कापताना लाकडाच्या धक्क्याने हा गार्ड मागे सरकतो आणि कापणे संपले की आपोआप बंद होतो. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे प्लग न लावता मी त्याची कळ मागे ओढून सोडली, तर गार्ड अर्ध्यावर येऊन थांबला. दोनदा, तीनदा, दहादा करून पाहिले, तरी तेच. तक्रार नोंदवण्यासाठी फोन केला, तेव्हा पलीकडच्या व्यक्तीने वापरता वापरता तो सैल होईल असे सांगितले. ते मी ऐकले नाही, आणि आपणही ऐकू नये, कारण यंत्र खाली ठेवल्यावर फिरते पाते आणि आपली मांडी यांच्यामध्ये एवढीच एक वस्तू असते. मग बिलाची प्रत, अनुक्रमांकाचा फोटो आणि गार्ड अडकत असल्याची चित्रफीत पाठवण्याची सूचना आली. अनुक्रमांकाचा फोटो अस्पष्ट असल्याच्या कारणावरून माझी पहिली तक्रार मला न कळवताच बंद करण्यात आली. हे मी सहा दिवसांनी स्वतःहून चौकशी केली तेव्हा समजले. दुसरी तक्रार नव्या क्रमांकाने नोंदवावी लागली आणि दुरुस्त यंत्र हातात पडेपर्यंत एकूण सोळा दिवस गेले. त्यामुळे खोके उघडताक्षणी पाटीचा स्पष्ट फोटो काढून ठेवणे, बिल आणि खोके जपून ठेवणे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेणे, ही कामे मी आता कोणत्याही यंत्राच्या बाबतीत पहिल्याच तासात उरकते.

हे सोळा दिवस वाया गेले असे मला तेव्हा वाटले होते. पण त्या काळात मी पुस्तिका दोनदा वाचली आणि शीट कशी कापायची याचा आराखडा कागदावर काढला. शीटची रुंदी १२२० मिमी, त्यात चार फळ्या, म्हणजे प्रत्येकी ३०५ मिमी, असा माझा सरळ हिशेब होता. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुतार आहेत, त्यांना मी काका म्हणते. त्यांना तो कागद दाखवला, तेव्हा त्यांनी फक्त विचारले, “आणि भुसा कुठून येणार?” पाते लाकडाला नुसते दुभागत नाही, ते आपल्या दात्यांच्या रुंदीएवढे लाकूड खाऊन टाकते. माझ्या पात्याची खाच २ मिमीची होती. तीन वेळा कापल्यावर ६ मिमी लाकूड भुशात जाणार आणि चौथी फळी ३०५ ऐवजी २९९ मिमीची निघणार, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मग मी प्रत्येक फळी ३०० मिमीची धरली. पाते रेघेच्या कोणत्या बाजूला चालवायचे हेही त्याच कागदावर ठरले: जो भाग टाकायचा आहे त्या बाजूला मी फुल्या मारू लागले आणि खाच नेहमी फुल्यांच्या बाजूला पडेल असे पाहू लागले.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी दुरुस्त यंत्र घेऊन मी टाकाऊ फळ्यांवर सरावाला बसले. पहिला तास प्लग बाहेरच होता. बेस प्लेट, म्हणजे यंत्राचा लाकडावर टेकणारा सपाट पत्रा, पात्याशी काटकोनात आहे का हे तपासण्यासाठी गार्ड मागे ओढून गुण्या लावला. गुण्या पात्याच्या सपाट अंगाला टेकवावा, दात्याला नव्हे, कारण दाते अंगापेक्षा रुंद असतात आणि त्यांना टेकवल्यास माप चुकते. यंत्राच्या खुणेप्रमाणे कोन शून्य होता, पण गुण्याप्रमाणे तो जवळजवळ एका अंशाने चुकलेला होता. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु १८ मिमी जाडीत त्याने कड ०.३ मिमी तिरपी होते, आणि अशा दोन कडा एकमेकींना भिडवल्या की डोळ्यांना दिसेल अशी फट पडते. दुसरी तपासणी मला काकांनी शिकवली. एका दात्यावर खूण करून तो पुढे असताना बेस प्लेटच्या कडेपासूनचे अंतर मोजायचे, मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागे आणायचा आणि पुन्हा मोजायचे. दोन्ही अंतरे सारखी नसतील, तर पाते खाचेत तिरके चालते, लाकडाला घासते आणि कडेवर जळल्याचे काळे पट्टे उमटतात.

पाते लाकडात किती खोल जावे, या बाबतीत मी मोठी चूक केली. पाते जितके खाली तितके कापणे सोपे, अशा समजुतीने मी खोली कमाल ठेवली होती. वास्तविक पाते लाकडाच्या खालच्या पृष्ठभागाच्या ३ ते ६ मिमी बाहेर डोकावेल एवढीच खोली पुरेशी असते. त्याहून जास्त पाते खाली आले, तर लाकडाखाली उघडे राहणारे दाते वाढतात आणि खाचेत अडकू शकणारा पात्याचा भागही वाढतो. हे मी वाचले होते, पण त्या दिवशी पाळले नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी यंत्र उसळले. २५ मिमी जाडीची एक फळी दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवून मी ती मधोमध कापत होते. निम्म्याहून अधिक कापून झाल्यावर फळी स्वतःच्याच वजनाने मध्ये झुकली, खाचेचे दोन्ही ओठ वरच्या बाजूला एकमेकांकडे आले आणि त्यांनी पात्याला चिमटीत पकडले. पुढे काय झाले ते मला नीट आठवत नाही. मोठा आवाज झाला, यंत्र खाचेतून वर उडाले आणि वीतभर मागे, माझ्या दिशेने, आले. दोन्ही हातांची पकड सुटली नव्हती, मी पात्याच्या ओळीत नव्हे तर तिच्या डावीकडे उभी होते, आणि दुरुस्त झालेला गार्ड खाडकन बंद झाला. फळीवर एक आडवा ओरखडा उमटला, मला काहीच झाले नाही. पण हात इतके थरथरत होते की प्लग काढायलाही वेळ लागला. त्यानंतरचे नऊ दिवस मी यंत्राला हात लावला नाही.

नऊ दिवसांनी काकांना सगळा प्रकार सांगितला. मला वाटले होते, ते माझ्या पकडीबद्दल काही बोलतील. त्यांनी विचारले, “कापून झाल्यावर दोन्ही तुकडे कुठे जाणार होते, ते आधी सांग.” मला उत्तर देता आले नाही. दोन टोकांवर टेकलेली फळी मध्ये कापली की तिला खालीच जायचे असते आणि खाली जाताना ती खाच बंद करते, हे त्यांनी हाताच्या दोन बोटांनी दाखवले. मग त्यांनी पाते हाताने फिरवून त्याची दिशा समजावली. या करवतीचे पुढचे दाते खालून वर येतात, तळाचे दाते आपल्यापासून पुढे जातात आणि मागच्या बाजूचे दाते वरून खाली उतरतात. त्यामुळे मागची बाजू लाकडात पकडली गेली की दाते लाकडाला खाली ढकलू पाहतात, लाकूड जागचे हलत नाही, म्हणून यंत्रच वर उचलले जाते. आणि तळाच्या दात्यांच्या प्रतिक्रियेने ते मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगावर, येते. काही यंत्रांना पात्यामागे खाच उघडी ठेवणारी एक पातळ धातूची पट्टी असते, माझ्या यंत्राला ती नाही. बोथट पाते, ओले लाकूड, रेघेवरून सुटलेले यंत्र मध्येच वळवून रेघेवर आणण्याचा प्रयत्न, आणि फिरते पाते खाचेतून मागे ओढणे, या सगळ्यांनीही हेच घडते. यातील शेवटच्या दोन गोष्टी मी सरावात अनेकदा केल्या होत्या, हे मी काकांना सांगितले नाही.

त्या दिवसापासून मी लाकूड टेकवण्याची पद्धत बदलली. छोटा तुकडा कापून टाकायचा असेल, तर फळीचा मोठा भाग टेबलावर क्लॅम्पने घट्ट धरायचा आणि टाकायचा तुकडा बाहेर मोकळा ठेवायचा, म्हणजे तो खाली पडताना खाच उघडत जाते. मधोमध कापायचे असेल, तर फळीखाली चार आधार द्यायचे, खाचेच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन, म्हणजे कापून झाल्यावरही दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहतात. यंत्राचा मोटरकडचा जड भाग पक्क्या टेकलेल्या बाजूवर राहील असे पाहायचे. मध्ये थांबावे लागले तर स्विच सोडायचा आणि पाते पूर्ण थांबेपर्यंत यंत्र आहे तिथेच धरून ठेवायचे. पुन्हा सुरू करताना दाते लाकडाला न टेकता खाचेच्या मध्ये आहेत याची खात्री करायची आणि पात्याने पूर्ण वेग घेतल्यावरच पुढे सरकायचे. पहिल्या आठ-दहा वेळा हे सगळे मी मोठ्याने म्हणत असे. घरच्यांना ते विनोदी वाटले, मला त्याची गरज होती.

सरळ कापण्याचा प्रश्न बाकी होता. नुसत्या डोळ्यांनी रेघेवर यंत्र चालवून माझी कड सव्वा मीटरमध्ये तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे जात असे. यावर सुतारांचा जुना उपाय म्हणजे स्वतः बनवलेला मार्गदर्शक. ६ मिमी प्लायवुडची १४०० मिमी लांब पट्टी घेतली आणि तिच्यावर १२ मिमी जाडीची एक अरुंद पट्टी गोंद आणि स्क्रूने बसवली. वरच्या पट्टीची कारखान्यात कापलेली सरळ कड यंत्राच्या बेस प्लेटला टेकते. ती खरोखर सरळ आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या आधाराने एक रेघ मारली, मग पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधून दुसरी मारली. दोन रेघा एकमेकींवर पडल्या नाहीत, तर त्यांच्यातले अंतर म्हणजे पट्टीच्या वाकडेपणाची दुप्पट. माझी पहिली पट्टी या परीक्षेत नापास झाली. गोंद सुकायला रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी बेस प्लेट वरच्या पट्टीला टेकवून करवत एकदा टोकापासून टोकापर्यंत चालवली, तेव्हा खालच्या पट्टीचा जादा भाग कापला गेला. आता उरलेली कड म्हणजे पाते जिथून जाणार ती अचूक जागा. ती कड रेघेवर ठेवायची आणि क्लॅम्प आवळायचे, बेस प्लेटच्या कडेपासून पात्यापर्यंतचे अंतर मोजायचे कामच राहत नाही. मात्र ज्या पात्याने ही कड कापली तेच पाते, निदान तेवढ्याच रुंदीचे, पुढेही वापरावे लागते.

सरावात या मार्गदर्शकाने मला दोनदा फसवले. पहिल्यांदा खोली २२ मिमी ठेवून १८ मिमीचा तुकडा कापला, तर तो तळापर्यंत कापलाच गेला नाही, कारण यंत्र आता ६ मिमीच्या पट्टीवर उभे होते. १८, ६ आणि वर ४ असे २८ मिमी हवे होते. दुसऱ्यांदा कापत जाताना मोटर क्लॅम्पच्या दांड्याला अडली. तेव्हापासून प्रत्येक वेळी प्लग काढून, पाते लाकडाबाहेर ठेवून, यंत्र पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नुसते सरकवून पाहते. मोटर कुठे अडते, वायर शीटच्या कोपऱ्यात कुठे अडकते आणि शेवटच्या टप्प्यात माझा हात किती लांब जातो, हे त्या एका फेरीत कळते. वायर मी खांद्यावरून मागे सोडते.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता शीट जमिनीवर आडव्या पट्ट्यांवर अंथरली. चांगली बाजू खाली ठेवली, कारण पुढचे दाते खालून वर येत असल्यामुळे कपच्या वरच्या पृष्ठभागावर उडतात. दोन्ही कर्ण मोजून शीट काटकोनी असल्याची खात्री केली. पहिला छेद आडवा होता, २४४० चे दोन सारखे भाग करणारा. वरच्या थराचे तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे हाच छेद सर्वाधिक कपच्या काढणारा, म्हणून रेघेवर चिकटपट्टी लावली आणि धारदार चाकूने रेघ एकदा कोरून घेतली. ही सगळी मांडामांड पूर्ण व्हायला सव्वा तास लागला. छेदाला पाऊण मिनिटही लागले नसेल. यंत्राचा आवाज एकसारखा राहील इतक्याच वेगाने पुढे ढकलायचे, आवाज जड झाला की हात हलका करायचा, हे मला त्या छेदात पहिल्यांदा कळले. स्विच सोडल्यावर पाते थांबेपर्यंत मनात आकडे मोजले आणि मगच यंत्र खाली ठेवले.

पुढचे आठ छेद लांबीचे होते. त्यांत कपच्या फारशा आल्या नाहीत, पण मार्गदर्शक दर वेळी नव्याने मोजून दोन्ही टोकांना आवळावा लागला. पाचव्या छेदानंतर मला घाई होऊ लागली होती, हे लक्षात आल्यावर मी प्लग काढून तासभर थांबले. दुपारी चारला शेवटची फळी निघाली. आठही फळ्या एकत्र उभ्या करून पाहिल्या, तर सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद फळीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता, आणि तो टेपने माप घेताना झालेला, म्हणजे माझा, होता. चाळीस दात्यांच्या पात्यावर प्लायवुडमधला गोंद चिकटून तपकिरी थर बसला होता. तो त्याच संध्याकाळी प्लग काढून, पाते उतरवून पुसला, कारण असे मळलेले पाते लवकर तापते. परत बसवताना पात्यावरचा बाण आणि आवरणावरचा बाण एकाच दिशेला आहेत ना, हे पाहिले.

शीटच्या प्रत्येक अर्ध्या भागातून चार फळ्या आणि चार खाचा वजा जाता १२ मिमीची एकेक पट्टी उरली. त्या दोन पट्ट्या मी टाकून दिल्या नाहीत. पुढच्या शीटखाली खाचेच्या दोन बाजूंना ठेवण्यासाठी त्या यंत्राच्या खोक्यामागे उभ्या करून ठेवल्या आहेत.